भारतातील रंगीत दूरचित्रवाणी आणि विज्ञानकथा मालिका

भारतात रंगीत दूरचित्रवाणी प्रक्षेपणास १९८२ साली प्रारंभ झाला. अमेरिका व ब्रिटन येथे १९६०च्या दशकात निर्माण झालेल्या अभिजात विज्ञानकथा मालिका भारतीय प्रेक्षकांपर्यंत मुख्यतः त्यानंतरच्या दशकात, दूरदर्शनमार्फत पोहोचल्या. पाश्चात्त्य देशांत कृष्णधवल मालिका, रंगीत मालिका आणि मानवाचे चंद्रावतरण असा जो क्रम प्रेक्षकांनी अनुभवला, तो भारतात उलटसुलट झाला. येथे उपग्रह भूकेंद्र आधी उभे राहिले, रंग नंतर आले आणि अंतराळयानांच्या काल्पनिक कथा त्याहीनंतर आल्या.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली कार्यान्वित झाले. त्याच तालुक्यातील खोडद येथे पुढे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) उभारण्यात आली. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण या दुर्बिणीच्या दृष्टीने अडथळा ठरते. एका बाजूला जगाची चित्रे उतरवून घेणारी आणि दुसऱ्या बाजूला चित्रसंकेतांपासून दूर राहू पाहणारी अशा दोन परस्परविरोधी यंत्रणा एकाच तालुक्यात नांदत आल्या आहेत.

रंगीत प्रक्षेपणाचे तंत्र

रंगीत दूरचित्रवाणीपुढील मूळ अडचण रंग दाखविण्याची नव्हती. लोकांच्या घरी आधीपासून असलेले कृष्णधवल संच निकामी न करता रंग दाखविण्याची होती. त्यासाठी चित्रसंकेताचे दोन भाग करण्यात आले. पहिला भाग चित्रातील प्रत्येक बिंदूच्या उजळपणाचा. तांबड्या रंगाचा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के व निळ्याचा ११ टक्के वाटा एकत्र करून तो तयार होतो, कारण मानवी डोळा हिरव्या रंगास सर्वाधिक व निळ्यास सर्वांत कमी संवेदनशील असतो. दुसरा भाग रंगछटेचा. तो एका उपवाहक लहरीवर स्वार करून त्याच संकेतात मिसळला जातो. कृष्णधवल संच केवळ पहिला भाग वाचतो, रंगीत संच दोन्ही.

अमेरिकेने १९५३ साली एनटीएससी ही पद्धत स्वीकारली. तीत वाटेतील दोषांमुळे रंगछटा बदलण्याचा धोका असे. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीचे अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी पाल ही पद्धत विकसित केली. तीत एकाआड एक ओळीत रंगसंकेताचा एक घटक उलटा केला जातो. त्यामुळे लगतच्या दोन ओळींतील चुका परस्परांना छेद देतात. भारताने ६२५ ओळींची व सेकंदाला २५ चित्रे दाखविणारी पाल पद्धत स्वीकारली. तिच्यातील रंगाचा उपवाहक ४.४३ मेगाहर्ट्‌झवर असतो.

या रचनेचा एक परिणाम विज्ञानकथा मालिकांच्या निर्मात्यांना फार लवकर जाणवला. रंगीत चित्रीकरण केले तरी बहुसंख्य प्रेक्षक ते राखाडी छटांतच पाहणार होते. 'स्टार ट्रेक' मालिकेतील स्पॉक या परग्रहवासी पात्राची त्वचा आरंभी तांबूस ठेवण्याचा विचार होता. परंतु कृष्णधवल संचावर तो चेहरा काळपट दिसत असल्याने पिवळसर छटेची रंगभूषा निवडण्यात आली.

पाश्चात्त्य मालिका व रंगांतर

विज्ञानकथा दूरचित्रवाणीवर आली तेव्हा ती कृष्णधवल होती आणि बहुधा जिवंत, म्हणजे थेट कलागृहातून, सादर होत असे. बीबीसीने १९५३ साली दाखविलेली 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही या प्रकारातील ठळक मालिका. तिच्या सहा भागांपैकी केवळ पहिले दोन आज उपलब्ध आहेत. अमेरिकेतील 'द ट्वायलाइट झोन' (१९५९–१९६४) व 'द आउटर लिमिट्‌स' (१९६३–१९६५) या मालिका अखेरपर्यंत कृष्णधवलच राहिल्या. त्यांचे सामर्थ्य संहितेत व छायाप्रकाशात होते. रंगाने त्यांत भर पडली असती असे मानण्यास फारसे कारण नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या काळातील सर्वांत लक्षणीय मालिका म्हणजे बीबीसीची 'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१). तिचे कथालेखन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह केले होते. यॉर्कशरमधील एका नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेने आलेला संदेश पकडला जातो; त्या संदेशात एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात, आणि तो बांधल्यावर आपण कोणाच्या हाती सूत्रे दिली हा प्रश्न उभा राहतो, असे तिचे कथासूत्र होते. सात भागांच्या या मालिकेतील फारच थोडा अंश आज शिल्लक आहे. ती प्रसारित झाली त्या सुमारास हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिज येथे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे संशोधन करीत होते. शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहावी, आणि ती विज्ञानाशी प्रामाणिक राहून लिहावी, याचे उदाहरण त्यांच्यासमोर गुरूंच्याच रूपाने होते. नारळीकर यांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिकास पात्र ठरली. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली होती. स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून ते नाव त्यांनी तयार केले होते.

अमेरिकेत १९६५ ते १९६७ ही रंगांतराची निर्णायक वर्षे ठरली. 'व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी' ही मालिका पहिल्या वर्षी कृष्णधवल होती व १९६५पासून रंगीत झाली. 'लॉस्ट इन स्पेस' १९६५ साली कृष्णधवल सुरू होऊन दुसऱ्या वर्षी रंगीत झाली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी जाळ्यावर सुरू झालेली 'स्टार ट्रेक' आरंभापासूनच रंगीत होती. त्यामागे व्यापारी कारणही होते. एनबीसीची मालकी आरसीए या रंगीत संच बनविणाऱ्या कंपनीकडे होती. सायंकाळचे जवळजवळ सर्व कार्यक्रम रंगीत करणे हा त्या कंपनीच्या विक्रीधोरणाचा भाग होता. अंतराळयानावरील अधिकाऱ्यांचे पिवळसर, निळे व तांबडे गणवेश, भिंतींवर टाकलेले जांभळे-हिरवे प्रकाशझोत आणि प्रत्येक ग्रहाचे वेगळ्या रंगाचे आकाश यांमुळे दुकानात मांडलेल्या रंगीत संचाची आपोआप जाहिरात होई. कृष्णधवल संचावर मात्र पिवळा गणवेश उजळ, तर तांबडा व निळा हे दोन्ही गडद व परस्परांच्या बरेच जवळचे दिसत. मूळ मालिकेचे ७९ भाग झाले व १९६९ साली ती बंद झाली; तिची खरी लोकप्रियता पुनःप्रसारणांतून वाढली.

ब्रिटनमध्ये २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली 'डॉक्टर हू' ३ जानेवारी १९७० रोजी रंगीत झाली. बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर नियमित रंगीत प्रक्षेपण त्याआधी दोनच महिने सुरू झाले होते. रंगामुळे कलागृहातील एक जुनी युक्ती फार स्वस्त झाली. पात्रास एकाच सपाट रंगाच्या पडद्यासमोर उभे करून तो रंग जेथे जेथे दिसेल तेथे दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र बसविता येऊ लागले. आज हवामानवृत्तात निवेदकामागे नकाशा दिसतो तो याच तत्त्वावर. परंतु रंगाने उणिवाही उघड्या पाडल्या. धूसर राखाडी चित्रात धातूचा वाटणारा राक्षस रंगीत चित्रात रंगविलेला पुठ्ठा वाटू लागला, आणि नेपथ्य, रंगभूषा व प्रकाशयोजना यांचा खर्च वाढला.

आर्वी भूकेंद्र

आर्वी हे गाव पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगावजवळ आहे. येथील उपग्रह भूकेंद्र १९७१ साली ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या शासकीय खात्याने सुरू केले. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६७ साली अहमदाबाद येथे प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले होते. तेथे तयार झालेल्या अभियंत्यांचा अनुभव आर्वीच्या उभारणीत उपयोगी पडला, आणि एवढी मोठी उभारणी भारतीय तंत्रज्ञांना करता येते हेही सिद्ध झाले. साराभाई यांचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाल्यानंतर केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले; ते विक्रम भूकेंद्र या नावाने ओळखले जाते.

केंद्रातील मुख्य अँटेना सुमारे ३० मीटर व्यासाची होती. हिंदी महासागरावर विषुववृत्ताच्या वर स्थिर भासणाऱ्या इंटेलसॅट उपग्रहाकडे ती रोखलेली असे. भूस्थिर कक्षेतील उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो व तेथून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. म्हणून अँटेना एवढी मोठी लागते. या संदेशवहनासाठी वर जाताना सुमारे ६ व खाली येताना सुमारे ४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरल्या जात. त्याच पट्ट्यांत जमिनीवरील सूक्ष्मतरंग दुवेही चालत असल्याने अशी केंद्रे महानगरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशास उभारणे इष्ट मानले जाई. आर्वी परिसर त्या दृष्टीने अनुकूल होता आणि तरीही मुंबईशी दुव्याने जोडण्याइतका जवळ होता. येथून परदेशांशी दूरध्वनी, टेलेक्स व दूरचित्रवाणी संकेतांची देवाणघेवाण शक्य झाली.

विज्ञानकथेच्या इतिहासाशी या केंद्राचा धागा अगदी सरळ आहे. भूस्थिर कक्षेतील तीन उपग्रहांच्या आधारे साऱ्या जगाशी संदेशवहन करता येईल ही कल्पना विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात मांडली होती. क्लार्क यांचे वास्तव्य पुढे श्रीलंकेत होते. १९७५ साली भारतीय अभियंत्यांनी कोलंबो येथील त्यांच्या घरी उपग्रह संकेत ग्रहण करणारी अँटेना बसविली व भारताच्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाचे कार्यक्रम त्यांना घरबसल्या पाहता आले.

जुलै १९६९मध्ये मानव चंद्रावर उतरला तेव्हा आर्वीचे केंद्र सुरू झाले नव्हते, आणि दिल्लीखेरीज देशात कोठेही दूरचित्रवाणी केंद्र नव्हते. त्यामुळे अन्य देशांतील कोट्यवधी लोकांनी जे दृश्य थेट पाहिले, ते महाराष्ट्रातील लोकांना आकाशवाणी, वृत्तपत्रे व चित्रपटगृहांतील वार्तापट यांतूनच कळले. एका पिढीच्या मराठी विज्ञानकथा लेखकांची व वाचकांची अंतराळाची कल्पना छापील शब्दावर घडली, याचे हे एक कारण आहे. 'नवल'सारखी मासिके व मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धा यांतून जे वाचन घडले त्याला चित्राची जोड नव्हती.

ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे १९८६ साली विदेश संचार निगम लिमिटेड या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. २००२ साली तिची सूत्रे टाटा समूहाकडे गेली. समुद्राखालील प्रकाशीय तंतूंच्या तारा पसरल्यावर अशा प्रचंड अँटेनांचे महत्त्व सर्वत्रच ओसरले.

दूरदर्शनचा विस्तार व रंगीत प्रक्षेपण

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७३ साली सिंहगडावरील सहक्षेपकाद्वारे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. १९७४ साली दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण देणारा विभाग दिल्लीहून पुण्यातील चित्रपट संस्थेत हलविण्यात आला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम थेट दाखविण्यात आले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. देशातील पहिले व्यापारी भूकेंद्र ज्या तालुक्यात होते, तेथील गावांना उपग्रहावरून येणारे चित्र या प्रयोगात पाहावयास मिळाले नाही. यात विरोधाभास दिसत असला तरी आर्वीचे केंद्र परदेशी संदेशवहनासाठी होते. देशांतर्गत प्रक्षेपणाशी त्याचा संबंध नव्हता, हे लक्षात घ्यावे लागते.

रंगीत प्रक्षेपण हवे की नको, यावर १९७०च्या दशकात बरीच चर्चा झाली. ज्या देशात बहुसंख्य गावांत साधा संचही नाही तेथे रंगाची चैन कशाला, असा एक पक्ष होता. जगभर कृष्णधवल यंत्रसामग्रीचे उत्पादनच थांबत चालले आहे, म्हणून जुन्यात गुंतवणूक करणे हाच अपव्यय होय, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. निर्णय झाला तो मात्र दिल्लीतील नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमास प्रारंभ झाला, त्या दिवशीचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत प्रक्षेपित झाला, आणि १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळातील क्रीडास्पर्धांनी रंगीत दूरदर्शनची ओळख देशास करून दिली.

त्याच वर्षी १० एप्रिल रोजी सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह काही महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये निकामी झाला. त्यानंतर ऑगस्ट १९८३मध्ये 'चॅलेंजर' अंतराळयानातून इन्सॅट-१बी प्रस्थापित झाला व तो दीर्घकाळ चालला. या उपग्रहाच्या बळावर १९८४ साली देशभर अल्पशक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभारण्यात आले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणविषयक प्रसारण सुरू झाले. त्यासाठी कार्यक्रम बनविणाऱ्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा यांनी अंतराळातून तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी साधलेला संवादही दूरदर्शनवर दाखविण्यात आला.

जुन्नर व आंबेगावमधील ग्रहणस्थिती

दूरचित्रवाणीच्या मीटरतरंग लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात. सिंहगडापासून आंबेगाव तालुक्यातील मंचर सरळ रेषेत ७० किलोमीटरहून अधिक, तर जुन्नर ९० किलोमीटरहून अधिक दूर आहे. गडाच्या उंचीमुळे एवढ्या अंतरावर संकेत पोहोचणे तत्त्वतः शक्य होते. परंतु मधल्या डोंगररांगांची सावली जेथे पडे तेथे चित्र मिळत नसे. मंचर, नारायणगाव, ओतूर यांसारख्या मोकळ्या पठारी भागातील गावांची स्थिती तुलनेने बरी असे. भीमाशंकर, डिंभे वा माळशेजकडील खोऱ्यांतील वस्त्यांसाठी मात्र सह्याद्रीचे कडे हा पक्का आडपडदा होता. उंच लोखंडी नळावर अनेक दांड्यांची अँटेना चढवावी, खाली संकेतवर्धक लावावा आणि वाऱ्याने ती फिरली की कोणीतरी वर जाऊन पुन्हा दिशा साधावी, ही त्या काळच्या ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित रीत होती.

अशा क्षीण संकेतात सर्वप्रथम नाहीसा होतो तो रंग. रंगाचा उपवाहक मुख्य चित्रसंकेताहून दुर्बळ असतो, आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की संच रंग बंद करून कृष्णधवल चित्र दाखवितो. म्हणजे प्रक्षेपण रंगीत, संचही रंगीत आणि चित्र मात्र राखाडी, अशी अवस्था दूरच्या गावांत उद्‌भवू शकत होती. शिवाय रंगीत संचाची किंमत सामान्य शेतकरी वा नोकरदार कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असल्याने १९८०च्या दशकात ग्रामीण घरांतील बहुतेक संच कृष्णधवलच होते. रंगीत प्रक्षेपणाचे वर्ष १९८२ असे नोंदवले जात असले तरी या गावांत रंगीत चित्र पाहण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला. पुढे केबल व उपग्रह वाहिन्यांनी डोंगरांची अडचण दूर केली.

दूरदर्शनवरील विज्ञानकथा

'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका दूरदर्शनवर १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दाखविण्यात आली. म्हणजे अमेरिकेत ती बंद होऊन तेव्हा सुमारे दीड दशक लोटले होते, तिचे चित्रपट येऊ लागले होते, आणि तिच्यातील कल्पित उपकरणांपैकी काही प्रत्यक्षाच्या जवळ आली होती. इंग्रजी संवाद सर्वांना कळत नसत. परंतु यान, अदृश्य होऊन अन्यत्र प्रकटणारी माणसे व टोकदार कानांचा स्पॉक यांसाठी भाषेची गरज नव्हती. कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' (१९८०) ही विज्ञानमालिकाही त्याच दशकात दूरदर्शनवर आली. ती कथा नव्हे. तथापि कल्पनायानातून विश्वभ्रमण करण्याची तिची मांडणी विज्ञानकथेच्या जवळची आहे. लहान मुलांमध्ये 'जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबोट' या नावाने दाखविलेली जपानी मालिका (मूळ 'जायंट रोबो', १९६७–१९६८) विशेष लोकप्रिय झाली.

स्वदेशी प्रयत्न दशकाच्या अखेरीस झाले. 'स्पेस सिटी सिग्मा' ही अंतराळातील वसाहतीची हिंदी मालिका 'स्टार ट्रेक'च्या वळणाची होती. आनंद महेंद्रू दिग्दर्शित 'इंद्रधनुष' (१९८९) या मालिकेत मुलांनी जुळविलेल्या संगणकाच्या निमित्ताने कालप्रवासाचे कथानक रचले होते. परदेशी नमुन्याची नक्कल टाळून भारतीय घरातील मुले व भारतीय इतिहास यांत कल्पना रुजविण्याचा तिचा प्रयत्न अधिक जमलेला आहे. केतन मेहता यांची, मिलिंद सोमण यांची प्रमुख भूमिका असलेली 'कॅप्टन व्योम' (१९९८) ही मालिका संगणकीय दृश्यपरिणामांच्या काळातील होती.

मराठीत मात्र विज्ञानकथेचे छापील दालन जेवढे समृद्ध झाले तेवढे दूरचित्रवाणीवर झाले नाही. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी विपुल लेखन केले. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' व 'ज्ञानदीप' यांसारख्या कार्यक्रमांनी शेतीविषयक व सामान्य ज्ञान घरोघरी पोहोचविले. परंतु परग्रह वा भविष्यकाळ उभा करण्यास लागणारा नेपथ्याचा व दृश्यपरिणामांचा खर्च प्रादेशिक केंद्राच्या अर्थसंकल्पात बसणे कठीण होते. नाटकाची परंपरा बलवान असलेल्या भाषेत कलागृहातील कौटुंबिक व विनोदी मालिका सहज रुजल्या, हेही एक कारण होय. पाश्चात्त्य कृष्णधवल मालिकांनी थोडक्या खर्चात केवळ संहितेच्या जोरावर जे साधले, तो मार्ग मराठीत फारसा चोखाळला गेला नाही.

खोडदची दुर्बीण व प्रक्षेपणाचा व्यत्यय

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळील खोडद येथे जीएमआरटी उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उर्वरित १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर विस्तारात पसरल्या आहेत. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांच्या जाळीचा वापर केल्याने त्या हलक्या व कमी खर्चाच्या झाल्या. २०२० साली या दुर्बिणीस आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

ही दुर्बीण मुख्यतः १५० ते १,४५० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात काम करते. दूरचित्रवाणीचे १७४ ते २३० मेगाहर्ट्‌झचे प्रक्षेपण, तसेच ४७० मेगाहर्ट्‌झच्या पुढील वाहिन्या याच पट्ट्यात मोडतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत कोणत्याही प्रक्षेपकाच्या तुलनेत कल्पनातीत दुर्बळ असतात. प्रत्येक दूरचित्रवाणी वाहिनीचा चित्रवाहक, त्यापासून ४.४३ मेगाहर्ट्‌झवरील रंगाचा उपवाहक व ५.५ मेगाहर्ट्‌झवरील ध्वनिवाहक हे अनुरूप (अ‍ॅनालॉग) प्रक्षेपणाच्या काळात वर्णपटात तीक्ष्ण सुळक्यांसारखे दिसत, आणि खगोलशास्त्रज्ञास तेवढा भाग वगळावा लागे. महानगरांपासून दूर, डोंगरांनी वेढलेले स्थान निवडण्यामागे हे एक प्रमुख कारण होते. जे डोंगर गावकऱ्यांचे चित्र अडवीत होते, तेच दुर्बिणीस उपकारक ठरले. याच गरजेपोटी अमेरिकेत १९६३पासून ३७ क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी रेडिओ खगोलशास्त्रासाठी रिकामी राखण्यात आली आहे.

कृष्णधवल काळातील हा संघर्ष आता भ्रमणध्वनी मनोरे, वीजवाहिन्या, उद्योग व रेल्वे यांच्यापर्यंत पोहोचला आहे. दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. नारायणगाव परिसरातून जाणाऱ्या पुणे–नाशिक अतिजलद रेल्वेमार्गाच्या आखणीस दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल या कारणावरून आक्षेप घेण्यात आला व रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. त्यास जुन्नर, आंबेगाव व खेड भागांतून विरोध झाला. शेतमालाच्या वाहतुकीसाठी रेल्वेची अपेक्षा ठेवणारे शेतकरी आणि जगातील एक अग्रगण्य वैज्ञानिक साधन यांच्या हितांची ही ओढाताण असून, दुर्बिणीचा अभिमान व रेल्वेची मागणी या दोन्ही गोष्टी स्थानिक लोकांत एकत्र आढळतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनी खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनास आसपासच्या शाळांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने भेट देतात.

ध्वनिचित्रफितींचे जतन

जुन्या मालिकांचा मोठा भाग नष्ट झाला आहे. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा बीबीसीत होती, तशीच ती दूरदर्शनमध्येही होती. 'स्टार ट्रेक'चा १९६४ साली बनविलेला पहिला नमुनाभाग अनेक वर्षे पूर्ण रंगीत स्वरूपात उपलब्ध नव्हता. १९८६ सालच्या चित्रफितीत काही दृश्ये रंगीत व काही कृष्णधवल होती. 'डॉक्टर हू'च्या १९७०च्या दशकातील काही रंगीत भागांच्या मूळ फिती पुसल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल चित्रपटप्रती तेवढ्या उरल्या. या प्रती काढताना रंगाचा उपवाहक गाळला गेला नव्हता. त्यामुळे राखाडी चित्रावर त्याच्या सूक्ष्म ठिपक्यांची नक्षी उमटली होती. २००८च्या सुमारास अभियंत्यांनी संगणकाच्या साहाय्याने ते ठिपके वाचून मूळ रंग परत मिळविण्याचे तंत्र यशस्वी केले. 'प्लॅनेट ऑफ द डॅलेक्स' या कथेचा तिसरा भाग अशा रीतीने पुन्हा रंगीत झाला. चित्रपटप्रतच शिल्लक नसेल तर हे तंत्र चालत नाही. दूरदर्शनच्या ज्या कार्यक्रमांची एकमेव फीत पुसली गेली, त्यांच्याबाबत असा मार्ग उरलेला नाही.